शुक्रवारची सहा चलानं

१

गेट रजिस्टर गायब झालं होतं.

शनिवारी सकाळी साडेनऊला नवबंदर टेक्स्टाइल्स लिमिटेडच्या ऑफिसातलं काचेचं कपाट उघडलं, तेव्हा वरच्या फळीवर हातभर लांबीची जागा रिकामी होती. गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता विद्युल्लता कर्णिकने ते लांबट, लाल कापडी पाठीचं रजिस्टर स्वतःच्या डोळ्यांनी तिथं पाहिलं होतं. उशीर झाला होता, म्हणून शनिवारी सकाळी पहिलं हेच बघू, असं ती अकाउंटंट माधव दिघ्यांना म्हणाली होती. तेवढं बोलून ठेवण्याचा मूर्खपणा तिनं नंतर आयुष्यात कधी केला नाही.

साल एकोणीसशे एकोणनव्वद. भिवंडीत तेव्हा फोन लावायचा तर अर्धा दिवस हाताशी ठेवावा लागे, आणि लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, खटखटीत माणसं एकमेकांशी ओरडूनच बोलत. विद्युल्लता अठ्ठावीस वर्षांची होती. जन्मली भिवंडीतच, पण सी.ए. होऊन ठाण्याच्या एका फर्ममध्ये भागीदार झाल्याला दोन वर्षं झाली होती. थोरल्या भागीदारांनी यंदा पहिल्यांदाच पब्लिक कंपनीच्या ऑडिटवर तिला सही करायला सांगितलं होतं, आणि कंपनी नेमकी तिच्या गावची निघाली.

गेट रजिस्टर म्हणजे काही फार मोठं प्रकरण नव्हे. कंपनीच्या फाटकातून जी लॉरी बाहेर पडते तिचा नंबर, तारीख, वेळ आणि आतल्या कापडाच्या गाठींवरचे आकडे गोडाऊनच्या मुनीमानं त्यात लिहायचे. पण विद्युल्लताला हवं होतं ते नेमकं त्यातच होतं. कंपनीच्या हिशेबात मार्चअखेर सुरतेच्या एका व्यापाऱ्याला छत्तीस लाखांचं कापड विकलेलं दिसत होतं, आणि त्यावरचा नफा होता नऊ लाख. कंपनीचा वर्षाचा सगळा नफा सात लाख. म्हणजे माल खरोखर वर्ष संपायच्या आत फाटकाबाहेर पडला नसेल, तर नफ्याच्या जागी दोन लाखांचा तोटा उभा राहत होता.

कंपनी उभी करणाऱ्या शेठचा मुलगा, मॅनेजिंग डायरेक्टर खलील आला. सफेद सफारी, मुंबईचं शिक्षण, बोलायला लाघवी. त्यानं आधी माधवरावांना चार शब्द सुनावले, मग विद्युल्लताला म्हणाला की मॅडम, रजिस्टर मिळेल तेव्हा मिळेल, आपलं काम थांबायला नको. त्यानं ब्रीफकेस उघडली, पाकीट काढलं आणि सहा डिलिव्हरी चलानं टेबलावर मांडली. प्रत्येकावर लॉरीचा नंबर, गाठींचे आकडे, तारीख एकतीस मार्च.

अक्षर तिनं लगेच ओळखलं. ते गुलामचाचांचं होतं.

२

गुलाम हुसेन हे गोडाऊनचे मुनीम. चौतीस वर्षं एकाच ठिकाणी नोकरी केलेला माणूस. विद्युल्लता सात-आठ वर्षांची असताना वडिलांचं बोट धरून या गोडाऊनमध्ये यायची. तिचे वडील, ज्यांना सगळे भाऊ म्हणत, शाळेत गणित शिकवायचे आणि अब्दुर्रहमान शेठचा जमाखर्च फावल्या वेळात तपासून द्यायचे. तेव्हा ही लिमिटेड कंपनी नव्हती, नुसतं शेठचं दुकान होतं. भाऊंचं काम होईतो गुलामचाचा तिला गाठींच्या ढिगावर बसवत, बाहुलीसाठी रंगीत चिंध्या देत आणि कापड कसं बघायचं ते शिकवत. त्या गोडाऊनचा कोऱ्या कापडाचा, खळीचा वास तिच्या नाकात अजून होता. ठाण्याच्या चकचकीत ऑफिसात कधीमधी उगाच तिला त्या वासाची आठवण येई.

पंच्याऐंशी साली शेठनी शेअर विक्रीला काढले आणि अर्ध्या भिवंडीनं ते घेतले. कारण काय, तर कागदावर अब्दुर्रहमान शेठचं नाव. लूमवाल्यांनी घेतले, मास्तरांनी घेतले, गुलामचाचांनी दहा घेतले, भाऊंनी शंभर घेतले आणि पुढच्याच वर्षी भाऊ वारले. आता कंपनी डिबेंचर, म्हणजे लोकांकडून व्याजानं पैसे घ्यायचे कर्जरोखे, काढणार होती. परदेशी लूम आणायचे होते. विद्युल्लताची आई, माई, भाऊंच्या ग्रॅच्युइटीचे चाळीस हजार बँकेतून काढून त्यात घालायला निघाली होती. फॉर्म भरून देवापुढे ठेवला होता. तू सही केलीस की मी टाकते, असं ती लेकीला अभिमानानं म्हणाली होती.

त्या सहीचं ओझं काय असतं ते माईला कुठून कळणार. सेबी नावाचं मंडळ सरकारनं आदल्या वर्षी काढलं होतं खरं, पण त्याच्या हाती अजून कायद्याची काठी नव्हती. कंपनीच्या कारभारात आणि माईच्या चाळीस हजारांत मध्ये उभा होता तो फक्त ऑडिटरचा एक कागद. हिशेब खरं आणि वाजवी चित्र दाखवतात, असं त्यावर लिहायचं आणि खाली विद्युल्लता कर्णिक.

म्हणून तिनं ठरवलं, रजिस्टर कुणी नेलं ते कळल्याशिवाय पेनाचं टोपण काढायचं नाही.

३

पहिली पाळी माधवरावांची. ते माईचे शेजारी, पापभीरू आणि जरा जास्तच घाबरट. कपाटाची किल्ली त्यांच्या टेबलाच्या खणात असते हे ऑफिसातल्या मांजरालासुद्धा ठाऊक, असं त्यांनी कबूल केलं. गुरुवारी साडेसहाला आपण निघालो, हातात डब्याची पिशवी होती, हवी तर बघा, म्हणाले. पिशवी वीतभर होती. रजिस्टर हातभर. बोलताना त्यांचे डोळे मात्र चलानांवरून हलत नव्हते. चलानांत काही वावगं आहे का, असं तिनं विचारलं तर त्यांना एकदम खोकला आला.

दुसरा फाटकावरचा तुळशीराम. हा दापोड्याचा, आगरी गडी, बोलायला मोकळा. गुरुवारी संध्याकाळी कोण काय घेऊन गेलं ते त्यानं घडाघडा सांगितलं. खलीलशेठ गाडीतून गेले, मोकळ्या हातानं, कारण दार त्यानंच उघडून दिलं होतं. माधवराव पिशवी घेऊन. आणि गुलामचाचा काखेत कापडाचा एक तागा घेऊन.

"चाचा कापूड कधीच नेत न्हाय ताई," तुळशीराम म्हणाला. "चौतीस वर्सांत चिंधी नेली न्हाय. मना जरा नवलच वाटलं. आन् दुसऱ्या दिशी नमाज झाल्यावं त्यो आमच्या दापोड्याला आलता. ह्या उन्हापावसाचा, सायकलीवं."

दापोड्याला कशाला, असं तिनं विचारलं. तुळशीराम म्हणाला, तिथं कंपनीची शेड हाय की, राहीबाईच्या जागेत भाड्यानं घेतलेली. विद्युल्लतानं मान डोलावली आणि वही मिटली. कंपनीच्या भाड्याच्या जागांच्या यादीत दापोडे हे नाव कुठंही नव्हतं.

४

तिसरे गुलामचाचा.

चाचांनी स्टुलावरची धूळ उपरण्यानं झटकून तिला बसवलं. केस पांढरे झाले होते, कानावर पेन्सिल तीच. चलानं तुमच्या हातची का, असं विचारल्यावर ते म्हणाले, हो, माझ्याच हातची. तारीख तुम्हीच घातली? हो, मीच. रजिस्टर कुठं आहे? यावर चाचा उठले आणि एका गाठीवरून हात फिरवत राहिले.

"तुला लहानपणी काय शिकवलं होतं, आठवतं?" त्यांनी शेवटी विचारलं. "माल बघायचा तर कुठला तागा बघायचा?"

तिला आठवत होतं. वरचा तागा दाखवायचा असतो, म्हणून तो चांगलाच असतो. बघायचा तो तळचा.

"आठवतं ना, मग झालं. शेठचं मीठ खाल्लंय पोरी. याच्यापुढे माझ्या तोंडून काही काढू नकोस."

ती उठली ती रडवेली होऊनच. काखेत तागा, दापोड्याची फेरी, खोटी वाटणारी चलानं, सगळं बोट एकाच माणसाकडे दाखवत होतं. रजिस्टर चाचांनी पळवलं, चलानं चाचांनी लिहिली, आणि अहवालात तसं लिहायची वेळ आली तर चौतीस वर्षांच्या त्या स्वच्छ नावाला काळं फासणार कोण, तर त्यांनी गाठींवर बसवलेली पोर. मंगळवार, बुधवार, गुरुवार तिनं कागदांत डोकं घालून काढले. सुरतेच्या व्यापाऱ्याचं पत्र आलं होतं, माल मिळाला, पैसे देणं आहे. कागदोपत्री सारं चोख होतं. खलीलनं ठाण्याला फोन करून थोरल्या भागीदारांना विचारलंही, की मॅडमची सही कधी होणार.

५

शुक्रवारी ती माईकडे राहिली. दुपारी जेवण झालं, माई पाटावर बसून तांदूळ निवडत होती, आणि विद्युल्लता खिडकीशी नुसती बसली होती. कितीतरी वर्षांनी तिला तो आवाज ऐकू आला. म्हणजे आवाज नव्हताच.

शुक्रवारी भिवंडी गप्प होते. इतर गावांना रविवार असतो, भिवंडीला शुक्रवार. लूम बंद, गोडाऊनं बंद, लॉऱ्या उभ्या. सहा दिवस कानाला इतकी सवय झालेली असते की सातव्या दिवशी चिमण्यासुद्धा मोठ्यानं ओरडल्यासारख्या वाटतात. लहानपणी याच शांततेत भाऊ तिला गणितं घालायचे, आणि ती म्हणायची, भाऊ, आज फार शांत आहे, मला सुचत नाही. भाऊ हसून दप्तर मिटायचे.

मग ती ताडकन उठली. भिंतीवरच्या कालनिर्णयावर माई दुधाचा हिशेब लिहायची. तिनं पानं मागं उलटली, मार्चवर आली. एकतीस तारखेच्या चौकोनात माईच्या अक्षरात दीड लिटर लिहिलं होतं. वर वार छापलेला होता.

शुक्रवार.

आतापर्यंत कंपनीचं वर्ष दिवाळीला संपायचं. सरकारनं सगळ्यांना मार्चअखेर सक्तीची केली, त्याचं हे पहिलंच वर्ष. एकतीस मार्च म्हणजे वर्षाचा शेवट, एवढंच ठाण्याहून आलेल्या विद्युल्लताच्या डोक्यात होतं. वार तिनं बघितलाच नव्हता. रविवारची सुट्टी घेता घेता, गेल्या शुक्रवारी कंपनी बंद असूनही, त्या तारखेला शुक्रवार ताडून बघायचं ती विसरली होती, आणि त्याची तिला आत्ता मनापासून लाज वाटली.

कारण शुक्रवारी सहा लॉऱ्या भरून फाटकाबाहेर पडल्या, हे भिवंडीत कुणी शेंबडं पोरही मानलं नसतं. फाटकालाच कुलूप असतं. हमाल नसतात. जुम्म्याच्या दिवशी गुलामचाचांनी चौतीस वर्षांत एकही चलान फाडलेलं नव्हतं. मुंबईत वाढलेल्या खलीलच्या हे लक्षात आलं नसेल, ते ठीक. पण तारीख तर चाचांनी घातली होती. तसं ते स्वतःच म्हणाले होते.

तिनं पायात चपला अडकवल्या. माईनं विचारलं, या वेळी कुठं? ती म्हणाली, दापोड्याला, तळचा तागा बघायला.

६

राहीबाई म्हातारी होती, पण खमकी. शेडची एक किल्ली तिच्या कनवटीला होती. कंपनीच्या बाईला दार उघडायला काय हरकत, असं म्हणत तिनं कुलूप काढलं. सुट्टीमुळे गावातच असलेला तुळशीराम कंदील घेऊन पुढे झाला, कारण आत भर दुपारी अंधार होता.

छपरापर्यंत गाठी रचलेल्या होत्या. विद्युल्लतानं चलानं काढली आणि आकडे ताडून बघायला सुरुवात केली. पहिली गाठ जुळली, दुसरी जुळली, विसावी जुळली. कागदोपत्री सुरतेला पोचलेला सगळा माल दापोड्यातच होता. पण खलील म्हणू शकला असता की व्यापाऱ्यानं माल परत पाठवला. नुसत्या गाठींनी काम भागत नव्हतं.

तिनं कंदील खाली धरला. अगदी तळाच्या रांगेत, कोपऱ्यात, एका गाठीची शिवण बाकीच्यांसारखी काळवंडलेली नव्हती. सुतळी पिवळीधमक, नवी. तुळशीरामनं वरच्या गाठी बाजूला केल्या, सुतळी कापली. तिनं एकेक तागा उचलला. तळच्या ताग्याच्या घडीत लाल कापडी पाठ दिसली.

मार्चच्या शेवटच्या पानावर तीस तारखेनंतर एकदम एक एप्रिलच्या लॉऱ्या होत्या. मधे एकतीस तारखेच्या जागी चाचांच्या अक्षरात एकच शब्द होता, जुम्मा. आणि नऊ एप्रिलला, रविवारी, त्याच सहा लॉऱ्या, त्याच गाठी. कुठं गेल्या त्या रकान्यात लिहिलं होतं, दापोडे. ऑडिटवाल्यांची मोजदाद पंधरा तारखेला झाली होती. त्याआधी सहा दिवस विकलेला म्हणून दाखवलेला माल गोडाऊनमधून हलवून ठेवला होता, म्हणजे मोजदादीत सापडायला नको.

७

शनिवारी सकाळी ती अब्दुर्रहमान शेठच्या घरी गेली. शेठ एप्रिल-मे इस्पितळात होते, अजून काठी घेऊन चालत. खलील, माधवराव आणि गुलामचाचा, तिघांनाही बोलावलं होतं. तिनं रजिस्टर मधल्या टेबलावर ठेवलं तेव्हा खलीलचा चेहरा पांढरा पडला.

"तुम्ही घाबरलात, कारण हे जळून गेलंय असं तुम्ही समजत होतात," ती खलीलला म्हणाली.

मग तिनं एकेक धागा सोडवला. रजिस्टर हरवल्याचं कळल्यावर पाच मिनिटांत सहा चलानं ब्रीफकेसमधून निघाली. हरवणार हे आधीच माहीत असल्याशिवाय कुणी चलानं बरोबर घेऊन फिरत नाही. पण खलील मोकळ्या हातानं बाहेर पडला होता, आणि माधवरावांच्या पिशवीत रजिस्टर मावत नव्हतं. उरला चाचांचा तागा. रजिस्टर चाचांनीच नेलं. पण जो माणूस पुरावा नष्ट करायला नेतो, तो पाच मैल सायकल मारून तो पुराव्याच्याच ढिगात शिवून ठेवत नाही. चुलीत घालतो. याचा अर्थ, जाळायला कुणीतरी सांगितलं होतं, आणि चाचांनी जाळलं नव्हतं.

खलीलनं नाकारलं नाही; सुरतेच्या व्यापाऱ्याचं पत्रही आपणच सांगून लिहवून घेतलं, हे त्यानं कबूल केलं. तो वाईट माणूस नव्हता, घाईचा होता. नवे लूम आले की वर्षभरात सगळं भरून निघालं असतं, तोटा दाखवला तर डिबेंचरला कोण पैसे देणार, गावच्याच भल्यासाठी केलं, असं तो म्हणत राहिला. शेठनी काठी उचलून त्याला थांबवलं.

"दुकान माझं होतं तेव्हा नफा सांगू की तोटा, ती माझ्या घरची गोष्ट होती," ते म्हणाले. "लोकांचे पैसे घेतल्यावर ती माझ्या घरची राहिली नाही. माधव, तुला हे दिसलं नव्हतं?"

माधवरावांनी मान खाली घातली. चलानं हातात आली त्याच दिवशी शुक्रवार दिसला होता, म्हणाले. बोलायचं धाडस झालं नाही.

शेठ चाचांकडे वळले. तू तरी मला सांगायचंस, म्हणाले. चाचा म्हणाले, तुम्ही इस्पितळात, आणि पोराची तक्रार बापाकडे कुठल्या तोंडानं करायची. चलानं लिही म्हणाला, लिहिली. हातानं खोटं लिहिलं, ते माझं पाप, ते अल्ला बघेल.

"चाचा, एकतीस तारीख तुम्ही मुद्दाम घातलीत," विद्युल्लता म्हणाली. "तीस घातली असती तर मला कधीच कळलं नसतं."

"छोटे शेठ म्हणाले, मार्चमधली कुठलीही घाल. मी जुम्म्याची घातली." चाचांनी पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. "ज्यांना कळू नये त्यांना कळणार नव्हतं. ऑडिटला भाऊमास्तरांची पोर येणार, हे मला ठाऊक होतं."

८

हिशेब बदलले. विक्री काढून टाकली, दोन लाखांचा तोटा जसा होता तसा छापला, तेव्हा कुठं विद्युल्लतानं पेनाचं टोपण काढलं. सर्वसाधारण सभेत शेठ स्वतः उभे राहिले आणि काय झालं होतं ते काही न लपवता सांगितलं. लोक चिडले, ओरडले, शेअर निम्म्यावर आला. डिबेंचर निघालेच नाहीत. माईनं फॉर्म फाडला आणि चार दिवस लेकीशी अबोला धरला, कारण भाऊंच्या शंभर शेअरचं तिला फार वाईट वाटलं होतं. चाळीस हजार मात्र बँकेतच राहिले.

पुढे नव्वदच्या दशकात कंपन्यांचं पेव फुटलं. चकचकीत अहवाल छापून लोकांचे पैसे घेतलेल्या कितीतरी कंपन्यांच्या पत्त्यावर शेवटी नुसती पाटी उरली. नवबंदर कधी मोठी झाली नाही. परदेशी लूम आले नाहीत, जुनेच खटखटत राहिले, आणि चौथ्या वर्षापासून थोडाथोडका लाभांश माईच्या पत्त्यावर येऊ लागला. खलीलही निवळला. दर सभेत तो आता आकडे स्वतः वाचून दाखवतो.

गुलामचाचांनी त्याच साली नोकरी सोडली. शेठनी किती विनवलं, पण खोट्या चलानांवर आपलं अक्षर आहे, आता मुनीम म्हणून बसवत नाही, एवढंच ते म्हणाले. विद्युल्लताला ते आयुष्यभर बोचत राहिलं. महिन्यातून एका शुक्रवारी ती भिवंडीला जाऊ लागली, आधी माईकडे, मग चाचांच्या ओट्यावर. चाचांची बायको जोहराबी चहा आणून द्यायची. ठाण्याच्या ऑफिसातल्या नव्या मुलांना ती पहिला प्रश्न विचारायची, एकतीस मार्चला वार कुठला होता. मुलं एकमेकांकडे बघायची.

सत्त्याण्णव साली चाचा खंगले. एका शुक्रवारी ओट्यावर दोघं बसली होती, गाव गप्प होतं, चिमण्या तेवढ्या ओरडत होत्या. इतकी वर्षं न विचारलेलं तिनं त्या दिवशी विचारलं. चाचा, मला शुक्रवार दिसला नसता तर? मी तशीच सही केली असती तर तुम्ही काय केलं असतंत?

चाचांनी बशीतला चहा संपवला, बशी पालथी ठेवली.

"माईकडे गेलो असतो. फॉर्म फाड म्हणून तिच्या हातापाया पडलो असतो." मग जरा थांबून म्हणाले, "आणि तुला पुन्हा ओट्यावर बसू दिलं नसतं."

विद्युल्लतानं मान खाली घातली आणि बशी उचलून आत ठेवायला गेली. परत आली तेव्हा चाचांनी तिची जागा उपरण्यानं झटकून ठेवली होती.